डाव्या कमरेची जागा

मित्रांनो, होल्स्टर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे फौजदार उभा राहतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून ओळख करून देतानाच खुलासा केलेला बरा. मी होल्स्टर आहे, जुना आहे, अस्सल चामड्याचा आहे. पण माझ्या पोटात पिस्तूल कधीही बसलेलं नाही. माझ्यात बसायचं ते खोक्यांवरच्या काळ्या-पांढऱ्या रेघा वाचणारं यंत्र. त्याला पिस्तुलासारखी मूठ असते, घोडाही असतो. घोडा दाबला की लाल उजेड पडतो आणि 'टिट्' असा आवाज येतो, बस. तेवढ्यावरून कुवेतच्या अर्दिया भागातल्या आमच्या गोदामात सगळे त्याला 'गन' म्हणतात. आपल्या कामाच्या वस्तूला जरा मर्दानी नाव असलं की माणसांना ताठ चालता येतं.

माझा जन्म शहरातल्या जुन्या बाजारात, कानपूरहून आलेल्या एका कारागिराच्या दुकानात झाला. हा कारागीर मुख्यतः ससाण्यांसाठी सामान बनवी. इकडच्या शौकीन मंडळींकडे शिकारी ससाणे असतात, आणि ससाण्याला शांत बसवायचं तर त्याच्या डोळ्यांवर चामड्याची छोटी टोपी चढवावी लागते. ज्या कातड्यातून मी निघालो, त्याच कातड्याच्या शेजारच्या तुकड्याची अशी टोपी झाली. म्हणजे माझा सख्खा भाऊच. त्याला सोनेरी धाग्याची नक्षी मिळाली, वर पिसांचा तुरा मिळाला, आणि तो थंडगार गाडीत बसून वाळवंटाच्या सहलीला गेला. मला मोटारींच्या सुट्या भागांचं गोदाम मिळालं. सांगायचा मुद्दा, मत्सर मला कुणी शिकवला नाही. तो माझ्याबरोबर कापूनच आला.

मला करवून घेतलं अशरफने. अशरफ दाभोळच्या खाडीकाठचा. खोक्यांच्या रांगांतून फिरून, मागणीप्रमाणे माल काढून देणं हे त्याचं काम. तो डावखुरा आहे. जेवतो मात्र उजव्या हाताने, कारण आईने लहानपणी ते हातावर मारून शिकवलं. बाकी सगळ्या कामांना डावा. कंपनीने सगळ्यांना उजव्या कमरेवर अडकवायच्या नायलॉनच्या पिशव्या दिल्या होत्या. त्यातून डाव्या हाताने गन काढताना अशरफची अवस्था पाठीवरचा डास मारणाऱ्या माणसासारखी व्हायची. शेवटी एका शुक्रवारी तो कानपूरवाल्याकडे गेला आणि हातवारे करून म्हणाला, "इधर. बाएं तरफ. पट्टा और कव्हर एकच."

म्हणून मी असा आहे. रुंद पट्टा आणि त्यातच बसवलेलं घर. डावी कमर ही माझी जागा.

किती वर्षं मी तिथे राहिलो ते मोजलं नाही. सुखाचे दिवस होते. अशरफचा हात खाली यायचा तो थेट गनवर. बघावं लागायचं नाही. शुक्रवारी सुट्टी असली की तो खैतान भागातल्या आपल्या खोलीत पलंगावर बसून गावाहून आलेलं खोबरेल बोटावर घ्यायचा आणि मला चोळायचा. त्याच्याच गावचा, त्याच खोलीत राहणारा आणि आमच्याच गोदामात पॅकिंग करणारा इम्तियाज त्याला चिडवायचा, "ठाणेदार, आपल्या पायांना चोळ जरा. त्या भेगांत माझा मोबाइल पडंल."

आता तुम्ही म्हणाल, मग मत्सर कुणाचा? पहिला, मोबाइलचा. तो अशरफच्या छातीजवळच्या खिशात राहायचा. दुसरा, कुबराभाभीचा. कुबरा ही अशरफची बायको. ती समुद्रापलीकडे होती आणि मी कमरेला होतो, तरीसुद्धा. संध्याकाळी तिचा फोन आला की अशरफ आधी मला सोडायचा, पलंगाच्या दांडीवर टांगायचा आणि मगच आडवा होऊन बोलायचा. तिच्याशी बोलताना त्याला सैल व्हायला आवडायचं. त्या अर्ध्या-पाऊण तासात मी दांडीवरून लोंबकळत मुलीच्या बारावीबद्दल, गळक्या पन्हळीबद्दल आणि शेजारणीच्या स्वभावाबद्दल सगळं ऐकायचो, आणि मनात म्हणायचो, दिवसभर मी होतो की नाही तुझ्याबरोबर?

गेल्या उन्हाळ्यात अशरफ मांडी चोळायला लागला. डावी.

"मांडी कशाला चोळतंस रे?" इम्तियाजने विचारलं.

"मुंग्या येतात. मधेच चटचटतं."

"एसीच्या तोंडाखाली झोपतंस, वारा धरला असंल."

"होय, तसाच असंल. कंबर ढिली पडली माझी. आमचे अब्बा लाँचीवर माल चढवायचे ना, कमरेला फडकं करकचून आवळायचे. त्याशिवाय गोणीला हात लावायचे नाय."

"तू डागदरकडे जा. फडकं काय बांधतंस?"

"गेलो, आणि त्याने पाठीचा काय काढला तर? पाठ गेलेल्या माणसाला गोदामात कोण ठेवील? कॅन्सल करून घरी धाडतील. झरीनची बारावी आहे. त्याच्यापुढे तिला नर्सिंगला जायचा आहे. मी गावाला बसून काय, खाडी मोजू?"

इकडे 'कॅन्सल' हा शब्द ऐकला की भलेभले गप्प होतात. कागदावर एक शिक्का, आणि माणूस परतीच्या विमानात.

त्याच संध्याकाळी अशरफने मला एक भोक जास्त आवळलं.

मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! इतकी वर्षं मी त्याच्या कमरेवर टेकलेला असे. आता मी त्याला बिलगलो. त्याच्या चालण्याचा प्रत्येक झोका मला समजायला लागला. काही आठवड्यांनी मुंग्या वाढल्या, तेव्हा त्याने आणखी एक भोक आवळलं. मला वाटलं, माणसाला आपली किंमत उशिरा का होईना कळते.

आणि अशा भरभराटीच्या काळात छातीपट्टा आला.

आमच्या कंपनीच्या दुसऱ्या कुठल्याशा गोदामात कुणाच्या तरी हातून उंचावरून गन पडली आणि खाली उभ्या असलेल्या साहेबाच्या टोपीला लागून गेली. साहेबाला काही झालं नाही, पण टोपी मोठ्या साहेबाची होती. लगेच वरून हुकूम निघाला की सर्व गोदामांत गन एकाच पद्धतीने बाळगली जावी. ही पद्धत ठरवायचं काम उल्का मॅडमकडे आलं. उल्का मॅडम पुण्याच्या, गोदामाच्या कामकाजाच्या प्रमुख. चष्मा, पाण्याची बाटली आणि स्वतःच्या गाडीची किल्ली या तीन वस्तू त्या हातात धरूनच फिरतात. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मनात आलं, बाळगण्याची पद्धत या ठरवणार.

त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. "रोजच्या वापरासाठी तीन पर्याय आहेत. कमरेवर, मांडीवर आणि छातीवर तिरका. प्रत्येकजण तिन्ही वापरून बघा. नंतर बसून ठरवू. मी कुणावर काही लादणार नाही, पण ठरेल ते सगळ्यांना सारखं. चालेल?"

चित्रातल्या माणसाला पोट नव्हतं. आमच्या गोदामात पोट नसलेला माणूस एकच आहे आणि तो पाळीवर येणारा इंटर्न आहे.

मांडीवरचा पर्याय इम्तियाजच्या नशिबी आला. तो पट्टे आवळून, पाय फाकवून गोदामातून असा चालला की फाटकावरचा पहारेकरी उठून उभा राहिला. दुपारपर्यंत ते प्रकरण घसरत गुडघ्यावर आलं. "मॅडम," तो म्हणाला, "हा मांडीवरचा आहे की पोटरीवरचा?" मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं आणि मांडी बाद झाली.

राहिलो आम्ही दोघे. मी, आणि तो.

तो काळा नायलॉनचा होता. खांद्यावरून तिरका, छातीवर घर, बगलेखालून पट्टा. अंगाला कसला वास नाही, इतिहास नाही. कारखान्यात हजार भावंडांबरोबर तयार झालेला. माझी डावी कमर. याला मिळाली छाती. मोबाइलला खेटून. म्हणजे काय, अशरफ बसमध्ये डोळे मिटून बसला की याला त्याच्या काळजाचे ठोके ऐकू येणार. मला इतक्या वर्षांत त्याच्या खिशातल्या किल्ल्या ऐकू आल्या.

मी खुंटीवर आणि छातीपट्टा अशरफवर, असा तो पहिला दिवस. मी देवाला मानत नाही, कारण चामडं झाल्यावर देव आपला धनी वाटत नाही; पण त्या दिवशी मी प्रार्थना केली. ती ऐकली गेली. छातीपट्टा उजव्या हाताच्या माणसाच्या हिशेबाने शिवलेला होता. अशरफ डावा हात घालायला गेला की तोंड उलट्या बाजूला. गन काढताना खिशातलं पेन उडालं. वाकला की सगळं पुढे झुलून हनुवटीवर आपटलं. एकदा तर पट्ट्यात त्याचं कोपरच अडकलं आणि तो रांगेच्या मध्यात दोन मिनिटं सलाम ठोकल्यासारखा उभा राहिला.

"काय रे, कवायत?" इम्तियाज ओरडला.

"गप रे! ह्याने गळा आवळलाय माझा!"

खुंटीवर मला हसू आवरेना. पण एक गोष्ट मी तिथूनच पाहिली आणि पाहूनही बाजूला सारली. त्या दिवशी, छातीपट्ट्याला शिव्या देत असतानाही, अशरफने मांडी एकदाही चोळली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने मला बांधलं, तेव्हा सुटकेचा निःश्वास सोडला आणि नेहमीच्या भोकावर आवळलं. संध्याकाळी फोनवर कुबराभाभी म्हणाली, "झरीनचे अब्बा, तुमचा आवाज असा का येतो? काय झाला, दुखतं काय?"

"काय नाय झाला. तुला कुणी सांगितला? इम्तियाजने?"

"इम्तियाजभाईंनी नाय सांगितला. तुम्ही बसताना 'या अल्ला' बोललात. आधी नाय बोलायचात."

मी दांडीवर होतो. इतक्या दूरवरून तिला ते ऐकू आलं, याचाही मला राग आला.

बैठक चहाच्या सुट्टीत झाली. गोदामाच्या मागे सावलीत लाकडी फळ्यांवर सगळे बसतात, तिथेच. उल्का मॅडमही तिथेच आल्या, कारण आत बैठक घेतली की लोक 'येस मॅडम' एवढंच बोलतात, हे त्यांना एव्हाना कळलं होतं. बहुतेकांनी छातीपट्ट्याला मत दिलं. शिडीवर दोन्ही हात मोकळे राहतात म्हणे. मॅडम अशरफकडे वळल्या.

"अशरफभाई, तुम्ही सगळ्यांत जुने. तुम्ही बोला."

"मॅडम, कमरेवरच बरा. छातीवरचा आम्हा डावऱ्यांच्या कामाचा नाय. हा बघा." असं म्हणून त्याने मला थोपटलं. सगळ्यांसमोर. छातीपट्टा इम्तियाजच्या अंगावर होता. त्याने ते पाहिलं असेल अशी मला आशा आहे.

"ठीक आहे, मग डावखुऱ्यांसाठी अपवाद करता येईल," मॅडम म्हणाल्या. "पण मला एक सांगा. शिडी उतरताना तुम्ही डाव्या पायाकडे आधी बघता आणि मग तो पायरीवर ठेवता. असं का?"

"सवय, मॅडम."

"उजव्याकडे नाही बघत."

"उजवा हुशार आहे, मॅडम," इम्तियाज मध्ये पडला, आणि सगळे हसले. तो विषय टाळायला धडपडत होता, हे मला दिसत होतं. धडपडीत त्याचा हात हलला. त्याच्या हातात कडक, वाफाळलेल्या चहाचा भरलेला कागदी पेला होता. तो सगळाच्या सगळा अशरफच्या डाव्या मांडीवर सांडला.

माझ्या खालच्या कडेवर त्यातले काही थेंब आले आणि मला चटका बसला. मी, म्हणजे मेलेलं चामडं. मला बसला.

अशरफ बोलत होता. "कमरेवरचा कसा, मॅडम, वजन खाली राहतं, तोल जात नाय..." पॅंटमधून वाफ निघत होती आणि तो वजनाबद्दल समजावून सांगत होता. हळूहळू बाकीच्यांचं बोलणं थांबलं. तेव्हा त्याने सगळ्यांच्या नजरा कुठे आहेत ते पाहिलं, आणि मग खाली पाहिलं.

"अशरफभाई," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "भाजलं नाही?"

त्याने तळहात मांडीवर ठेवला. हाताला गरम लागलं असावं, कारण हात झटकन वर आला. मग परत ठेवला. मी त्याच्या इतक्या जवळ होतो की त्याच्या पोटातली भीती मला पट्ट्यातून कळली.

"नाय," तो म्हणाला. "मॅडम, कॅन्सल करू नका. मी दुसऱ्या कामाला बसतो. बसून करायच्या कामाला. मुलगी बारावीला आहे."

"कोण कॅन्सल करतंय? उठा. इम्तियाज, गाडीत बसवा त्यांना."

"मॅडम, मी मुद्दाम नाय सांडला..."

"मला माहीत आहे हो. बसवा आधी."

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर इजिप्तचे होते. आडवळणाचं बोलणं त्यांना पसंत नसावं. त्यांनी आधी भाजलेल्या जागेला मलम लावलं, मग मला सोडायला सांगितलं. इम्तियाजने मला सोडून खुर्चीच्या पाठीवर टाकलं. डॉक्टरांनी अशरफची पाठ दाबून पाहिली, पाय उचलून पाहिला, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. मग बोथट टाचणी घेऊन ते मांडीवर टोचत गेले. उजवीकडे अशरफ "हां, हां" म्हणत होता. डावीकडे, मांडीच्या बाहेरच्या अंगाला, तो काहीच म्हणत नव्हता. छताकडे बघत होता.

शेवटी डॉक्टरांनी त्याचा सदरा वर केला. डाव्या कमरेवर माझा वळ होता. काळसर, खोल, माझ्या रुंदीचा. मला तो आवडायचा. माझी सही असल्यासारखा वाटायचा. डॉक्टरांनी त्यावर बोट ठेवलं, मग खुर्चीवरून मला दोन बोटांत उचललं, वजन करून पाहिलं आणि मॅडमशी इंग्रजीत बोलले.

मॅडमनी मराठीत सांगितलं, "पाठ उत्तम आहे. पायातली ताकदही आहे. कमरेवरून मांडीच्या कातडीकडे एक नस जाते, ती इथे दाबली गेली आहे. याच्याखाली." 'याच्या' म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गनचं वजन आणि वर घट्ट पट्टा. डॉक्टर विचारतायत, हा इतका का आवळला?"

अशरफ उठून बसला. "पाय सुन्न पडला म्हणून आवळला."

"आणि आवळल्यावर?"

"अजून पडला. म्हणून अजून आवळला." मग त्याने मॅडमकडे न बघता सांगितलं, "आमचे अब्बा तसाच करायचे."

"तुमचे अब्बा माल चढवून झाल्यावर फडकं सोडत असतील ना?" मॅडमनी विचारलं.

उत्तर इम्तियाजने दिलं. "लगेच सोडायचे, मॅडम. आणि त्याच फडक्याने तोंड पुसायचे. मी बघितलाय."

डॉक्टरांनी सांगितलं की पट्टा बंद केला तर काही महिन्यांत मांडीला हळूहळू जाग येईल; चालू ठेवला तर ती जागा कायमची मुकी होऊ शकते, आणि मुक्या जागेला काय भाजलं, काय कापलं, ते माणसाला कळत नाही.

"म्हणजे कॅन्सल नाय ना मी?" अशरफने पुन्हा विचारलं.

"तुम्ही नाही. हा पट्टा कॅन्सल," उल्का मॅडम म्हणाल्या.

इम्तियाज मोठ्याने हसला. अशरफही हसला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. मला त्या खोलीत हसण्यासारखं काही दिसलं नाही.

गोदामात परतल्यावर छातीपट्ट्याचाही प्रश्न सुटला. इम्तियाजने तो काढला, बगलेचं बक्कल सोडलं, घर उलटं फिरवून परत अडकवलं. झाला डावऱ्याचा. "मॅडम, हे असं फिरतं!" मॅडमनी खोक्यातून माहितीपत्रक काढलं. पहिल्याच पानावर तसं चित्र होतं. ते आमच्यापैकी कुणीच वाचलं नव्हतं, मॅडमनीही नव्हतं, आणि नंतर त्याबद्दल कुणीच काही बोललं नाही. आमच्या गोदामात एकोपा आहे.

मला खैतानच्या खोलीत भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं. इम्तियाज म्हणाला, "टाकून दे हा." अशरफ म्हणाला, "राहू दे रे. त्याचा काय दोष? मीच आवळला." हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्याने मला दोष दिला असता तर निदान माझ्याबद्दल काही तरी बोलला असता.

आणि संध्याकाळी छातीपट्टा त्याच खिळ्यावर, माझ्याच डोक्यावर येऊन बसायचा. खोलीत खिळे कमी आहेत. तो दिवसभराचा घाम घेऊन यायचा. अशरफच्या छातीचा, मला कधी न मिळालेला. माझं खोबरेल सुकलं. कडा वळायला लागल्या. मी रात्रंदिवस एकच गोष्ट मागत होतो, की छातीपट्टा तुटावा.

तो तुटला. आजच सकाळी.

बस पकडायची वेळ झालेली. अशरफने पट्टा खांद्यावरून घेतला, ओढला आणि बगलेचा प्लॅस्टिकचा चाप 'कट्' करून मोडला. खाली जिन्यातून इम्तियाज हाका मारत होता, "अरे ये ना! ड्रायव्हर शिव्या घालतोय!" अशरफने मोडका चाप पाहिला, घड्याळ पाहिलं, आणि मग त्याने मला पाहिलं.

"आजच्या दिवस," तो स्वतःशी म्हणाला.

त्याने मला खिळ्यावरून काढलं. मित्रांनो, ते वर्णन मी करू शकत नाही. हात तोच. कमर तीच. मी जाऊन बसलो आणि गन माझ्यात उतरली. तिच्या वजनाने मी थोडा घसरलो, कारण अशरफने मला सैल बांधलं होतं. त्याने वर ओढलं. पुन्हा घसरलो. तेव्हा त्याने सवयीने पोट आत घेतलं आणि मला आवळलं. एक भोक. मग आणखी एक.

मी पूर्वीच्या जागी होतो, अगदी पूर्वीच्या वळात. आणि त्या वळाखाली काहीतरी हललं. अशरफने "स्स्" केलं आणि मांडीला हात लावला. दुखलं त्याला. इतके महिने जी जागा मुकी होती, ती बोलायला लागली होती, आणि तिचं पहिलं बोलणं माझ्याविरुद्ध होतं.

"आज एकच दिवस," तो पुन्हा म्हणाला. पण मी या माणसाला ओळखतो. छातीपट्ट्याचा चाप आज बदलायचा राहिला असता, उद्याही राहिला असता. हाताला माझी सवय परत लागली असती. सवयीच्या बळावर मी जिंकलो असतो आणि कुणाला कळलंही नसतं, त्याच्या मांडीला तर नाहीच.

चामड्याला निर्णय घेता येतो असा माझा दावा नाही. तसं कुठे छापून आलेलं मी पाहिलेलं नाही. मला एवढंच माहीत आहे की वस्तू धरून ठेवते म्हणून ती वस्तू असते. आणि बक्कलाजवळची माझी शिवण, जी सुकून नुसत्या हट्टावर उभी होती, ती मी धरून ठेवली होती. ती मी सोडली.

मी सर्रकन फाटलो आणि गनसकट लादीवर पडलो.

"काय पडला रे?" जिन्यातून इम्तियाज.

अशरफने गन उचलून 'टिट्' करून पाहिली. चालत होती. मग मला उचललं. फाटक्या जागेवरून अंगठा फिरवला, एकदा, शुक्रवारी फिरवायचा तसा. "संपला बिचारा," म्हणाला. मला पलंगावर ठेवलं, छातीपट्ट्याच्या दोन टोकांना करकचून गाठ मारली, तो तिरका गळ्यात घातला आणि दार ओढून घेतलं.

मी आता पलंगावर पडून तुमच्याशी बोलतो आहे. संध्याकाळी काय होईल ते माहीत नाही. कचऱ्यात जाईन, किंवा इम्तियाज माझे तुकडे करून डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घालील. त्याचा माझ्यावर डोळा आहे.

तेवढ्यात मागणं मागून घेतो. मित्रांनो, चामड्याच्या वस्तूंना अधूनमधून तेलाचं बोट लावत जा. आम्ही मागत नाही, पण वाट बघतो. कमरेला काहीही बांधा, घरी आल्यावर सोडत जा. दुखलं तर सांगा, आणि दुखायचं थांबलं तर त्याहून लवकर सांगा. आणि ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याच्या अंगावर तुमचा वळ उठत नाही ना, हे कधीतरी सदरा वर करून बघा.

मघाशी जिन्यावरून अशरफ धावत उतरला. दोन्ही पावलं सारखी वाजली. ऐकून मला बरं वाटलं. छातीपट्ट्याविषयी मात्र माझं मत बदललेलं नाही, आणि ती गाठ संध्याकाळपर्यंत टिकेल असं मला वाटत नाही.